ताईच्या पाठीवरची फुली

रविवारी दुपारी ताईच्या पाठीवरची फुली पुसली गेली.

भुताखेतांच्या गोष्टी मी वाचतो, मानत मात्र नाही. रोह्याच्या वाचनालयात माझी सगळी नोकरी झाली. हे लिहितानासुद्धा दोनदा थांबलो...

ताईच्या पाठीत, मणक्याजवळ गाठ होती. डॉक्टरांनी पंचवीस दिवसांचं रेडिएशन सांगितलं – सोमवार ते शुक्रवार रोज थोडं थोडं, शनिवार-रविवार सुट्टी. सगळा डोस एकदम दिला तर चांगल्या पेशीही जळतात; रोज थोडा दिला तर मधल्या वेळात त्या सावरतात. पण मधे खाडे झाले की गाठही सावरते. म्हणून एकच ताकीद होती – दिवस चुकवायचा नाही, आणि मशीनच्या नेमासाठी मानेखाली काढलेली जांभळी फुली पुसायची नाही.

ताईच्या सासरी, पेणला, गणपतींचा कारखाना. तिथं काम करताना कुणाच्या अंगावर रंगाचा डाग दिसला की शेजारचा माणूस रॉकेलची चिंधी फिरवून मोकळा होतो, विचारत नाही. रेडिएशनचे तेरा दिवस झाले होते, आणि ताईची ने-आण करायला मी तिथंच मुक्कामाला होतो. त्या रविवारी ताई हौसेनं मुकुट रंगवायला बसली. तिची धाकटी जाऊ नंदा मागून आली, गाऊनच्या गळ्याशी जांभळं दिसलं, आणि...

“अगो नंदा, काय केलंस गो हे!” ताई ओरडली.

“रंग वाटला ओ, जाऊबाई!” नंदा रडायलाच लागली. “मी काढू परत? मूर्तींचे डोळे आखते मी, रेघ हलत नाय माझी.”

“नको बाई. माझ्या पाठीला डोळे फुटायचे!” ताई हसून म्हणाली. मग हळूच मला विचारलं, “उद्याचा दिवस चुकेल काय रे?”

मी चष्मा लावून, बॅटरी मारून पाहिलं. नंदानं पाहिलं, तिच्या नवऱ्यानं पाहिलं. कातडी कोरी होती. परत माप घ्यायचं तर चार-पाच दिवस जाणार, हे मला माहीत होतं. कुणी हात लावायचा नाही, असं मी बजावलं.

सोमवारी पहिल्या एसटीनं निघालो. हॉस्पिटलात पोचताच टेक्निशियनला सगळं खरं सांगितलं. तो ताईला आत घेऊन गेला आणि लगेच बाहेर आला.

“काका, खूण आहे की! चेष्टा करता काय?”

मी आत जाऊन पाहिलं. फुली होती. जांभळी, ठसठशीत. त्यानं कागदावरच्या मापाशी ताडून पाहिली, एक्स-रे काढला, डॉक्टरांना बोलावलं. केसाचाही फरक नव्हता. चौदावा डोस वेळेवर झाला.

नंदानं गणपतीच्या पायाला हात लावून सांगितलं – मी नाय काढली. आणि काढली असती, तरी कोऱ्या पाठीवर नेमकी तीच जागा कशी सापडावी? ताईला विचारलं, तर म्हणाली, “पाठ माझी, पण मला कुठं दिसते?”

त्यानंतर ताई अकरा वर्षं जगली. सगळी वर्षं मुकुट रंगवत, नंदाला चिडवत. गेल्या माघात झोपेत गेली.

फुलीचं कारण मला अजून सापडलेलं नाही. ट्रीटमेंटचं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर पंचवीस तारखा आहेत. एकही रकाना रिकामा नाही.