उजव्या कोपऱ्यातलं वाळवण

नानाय कोरिंगच्या पेजेच्या टपरीवर बसून रेमारला नावं ठेवायची, म्हणजे तिच्याच घरात जेवून तिच्याच पोराची उणीदुणी काढण्यासारखं होतं. तरी तीनचाकीवाला दोमेंग ठेवायचा. रोज ठेवायचा, आणि वर पेजेत तळलेला लसूण जास्तीचा मागायचा.

गाव तिला नानाय, म्हणजे आई म्हणायचं, पण रेमार काही तिच्या पोटचा नव्हे. ती त्याची निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याला त्याला हातात धरून उभी राहिलेली धर्ममाता. पण त्याची आई हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळायला गेली आणि पोर कोरिंगच्या पदरात पडलं. तिने त्याला पेज पाजली, तापात उशाशी बसली, पहिले बूट घेऊन दिले, आणि चुकला की पायातली स्लिपर फेकून मारायला कधी मागेपुढे पाहिलं नाही. तोच रेमार यंदा मनिलाच्या मोठ्या बास्केटबॉल लीगमध्ये हबागात पेंट्स ह्या संघाचा गार्ड म्हणून खेळला. पहिलंच वर्ष होतं त्याचं. चर्चसमोरच्या त्या भेगाळलेल्या सिमेंटच्या कोर्टावरून पोर थेट टीव्हीत जाऊन पोचलं.

मग काय विचारता! टपरीशेजारच्या थांब्यावरचे सगळे तीनचाकीवाले बास्केटबॉलचे पंडित झाले. गिऱ्हाईक येऊन ताटकळत उभं राहायचं आणि ह्यांचं आपलं रेमारपुराण चालूच.

"पायात वारं आहे पोराच्या," बोयेत म्हणायचा. बोयेत रेमारचा शाळासोबती, तोही तीनचाकी चालवायचा. "पहिल्याच वर्षी एवढं कोण खेळतं? दोन वर्षं थांबा, देशाच्या संघात दिसेल."

"वारं आहे, पण एकाच बाजूला वाहतं," दोमेंग चमचा चाटत म्हणायचा. "डावीकडे वाघ. उजव्या कोपऱ्याकडे वळला की इंजिन बंद! माझी तीनचाकी बरी, ढकलली तर चालते तरी."

"तुमची तीनचाकी ढकलून ढकलून आमच्या कंबरा गेल्या, कुया दोमेंग." थोरल्या भावाला म्हणावं तसं बोयेत त्याला कुया म्हणायचा.

"विषय बदलू नकोस. पोरगा भितो. त्या कोपऱ्यात आडदांड गडी अंगावर येतात, त्यांना भितो. भित्र्या गार्डाला भविष्य नसतं, लिहून ठेव."

कोरिंग दोमेंगच्या वाडग्यात पेज ओतताना पळी जरा जोरात आपटायची. मनातून मात्र तिला धास्ती होती, कारण दोमेंग तोंडाचा फाटका असला तरी डोळ्यांनी आंधळा नव्हता. टीव्हीवरचे लोकही आता तेच बोलायला लागले होते.

आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात व्हायचं तेच झालं. हबागात एका गुणाने मागे. रेमारच्या हातात चेंडू. समोर उजवा कोपरा मोकळा, अगदी सताड मोकळा, एक माणूस नाही तिथे. टपरीतल्या टीव्हीसमोर जमलेलं अख्खं गाव ओरडलं, "जा! जा!" रेमार गेला, कोपऱ्याच्या तोंडाशी थबकला आणि गर्रकन मागे फिरला. मागे फिरला तो थेट दोघांच्या तावडीत. चेंडू गेला, सामना गेला.

दोमेंगने त्या दिवशी जास्तीचा लसूणही मागितला नाही. ते कोरिंगला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रेमारचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "निनांग, कोच म्हणाले, पुढच्या सरावाला येशील तेव्हा उजवा कोपरा शिकून ये. नाहीतर आम्ही दुसरा गार्ड बघतो."

"अरे पण तिथे जायला होतं काय तुला? कोणी मारतं?"

"कोणी नाही मारत. पाय जात नाहीत, निनांग. का ते मलाही कळत नाही."

त्या दिवसापासून तिचा जीव टांगणीला लागला. पोराला बास्केटबॉलशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. आता ते गेलं तर त्याने करायचं काय? दोमेंगच्या शेजारी तीनचाकी लावायची?

टीव्हीवर मात्र तो क्षण पुन्हा पुन्हा दाखवत होते, जखमेवरची खपली काढावी तसा. एका सकाळी तर संथ करून दाखवला. बोयेत म्हणाला, "बंद करा तो टीव्ही, नानाय." पण कोरिंगची पळी हवेतच थांबली होती. ती चेंडूकडे बघत नव्हती. ती पायांकडे बघत होती.

रेमार थबकला, त्याने टाचा उचलल्या आणि चवड्यांवर, अगदी अलगद, काही सांडू नये असा फिरला.

हे वळण तिने हजारदा पाहिलं होतं. तिच्या भाताच्या कडेला.

गावातल्या त्या चर्चसमोरच्या कोर्टाचा उजवा कोपरा वर्षानुवर्षं तिचा होता. डाव्या बाजूला चिंचेची सावली, उजवीकडे दिवसभर ऊन. म्हणून भात वाळवायचं ते तिथेच. भात नसलं तर मका, मका नसला तर मिरच्या, काहीच नसलं तर गोधड्या. पोरं उरलेल्या जागेत खेळायची. वाळवणाला कोणाचा पाय लागला की तिची स्लिपर सुटलीच म्हणून समजा, आणि तिचा नेम गावातल्या कुठल्याही गार्डापेक्षा बरा होता. सगळ्यात जास्त स्लिपरा कोणी खाल्ल्या असतील तर घरच्याच पोराने.

कोरिंगने कपाळावर हात मारला. अरे देवा, हे मी केलं! माझ्या हाताने केलं!

तेवढ्यात दोमेंगने तोंड उघडलं. "बघा, बघा. घाबरला की नाही?"

"घाबरला!" कोरिंग अशी कडाडली की दोमेंगच्या हातातला वाडगा हिंदकळला. "पण माणसांना नाही घाबरला मुडद्या! माझ्या भाताला घाबरला!"

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. बोयेत जो हसत सुटला तो थांबेचना. "म्हणजे मी पण! मी पण कधी तिकडे गेलो नाही! नानाय, तुम्ही अख्ख्या गावाला डावखुरं केलंत!" दोमेंगही हसला, डोळे पुसत हसला. कोरिंगला मात्र हसू येईना.

मे महिन्यात गावच्या जत्रेला रेमार घरी आला. कोरिंगने आधीच आपलं भात उचलून हमरस्त्याच्या कडेला टाकलं होतं. रस्त्यावरच्या भातावरून गाड्या जातात, दाणा फुटतो, म्हणून जन्मभर तिने त्याला नाक मुरडलेलं. पण कोपरा झाडून पुसून लख्ख केला. संध्याकाळी सगळे जमले. तिने रेमारला हकिकत सांगितली तेव्हा तो कान लाल होईपर्यंत लाजला. "काहीतरीच काय, निनांग," असं म्हणून त्याने चेंडू घेतला, झपाट्याने उजवीकडे निघाला आणि बरोबर त्याच जागी थबकला. टाचा वर.

पुन्हा गेला, पुन्हा थबकला. मोकळं सिमेंट समोर, भाताचा दाणा नाही, तरी पाय पडेना. आधी लोक हसत होते, नंतर कोणी हसेना. रेमार खाली बघत उभा राहिला.

"म्हटलं नव्हतं," दोमेंग हळूच म्हणाला, पण ह्या वेळी आवाजात टोमणा नव्हता.

कोरिंग तरातरा रस्त्याकडे गेली. येताना बोयेतच्या पाठीवर भाताचं पोतं. तिने ते कोपऱ्यात ओतलं, दाताळं घेऊन पातळ पसरलं, अगदी नेहमीच्या रेषेपर्यंत. मग बाजूला झाली.

"ये. तुडव."

"निनांग!"

"तुडव म्हणते ना!"

"अहो, पाय घसरून मोडेल त्याचा!" दोमेंग ओरडला.

"मग बूट काढेल. अनवाणीच शिकलाय तो. काढ रे बूट!"

रेमारने बूट काढले, पण पुढे होईना. "अन्न आहे, निनांग. पाय कसा देऊ?"

"मीच शिकवलं ना तुला पाय द्यायचा नाही म्हणून? मग मीच सांगते आता, दे." तिने पायातली स्लिपर हातात घेतली. "इतकी वर्षं आत गेलास म्हणून मारली. आज बाहेर राहिलास तर मारीन. चल!"

रेमारने तिच्याकडे पाहिलं, स्लिपरकडे पाहिलं आणि निघाला. रेषेशी त्याच्या टाचा उचलल्या. स्लिपर सणसणत येऊन त्याच्या पाठीवर बसली आणि तो आत गेला. भातात पाऊल पडलं, दाणे चहूकडे उडाले. त्याने उडी मारून चेंडू फेकला. चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून बाहेर गेला. त्याचं कोणाला काय! अख्खं गाव ओरडत होतं.

रेमार मात्र सवयीने खाली बसला आणि दोन्ही हातांनी दाणे गोळा करायला लागला.

"ठेव ते," कोरिंग म्हणाली. डोळ्यांतून धार लागली होती आणि ती हसत होती. "ते माझं काम. तू मागे जा आणि पुन्हा ये."

तो पुन्हा आला, आणि पुन्हा. दर वेळी भात विस्कटायचं आणि कोरिंग दाताळ्याने ते पुन्हा रेषेपर्यंत ओढायची. थोड्या वेळाने तिच्या हातातलं दाताळं कोणीतरी काढून घेतलं. दोमेंग होता. "बसा तुम्ही," तो म्हणाला. "पोरगा अजून कच्चा आहे. वेळ लागेल."