सर्जेरावांच्या तोंडावरच्या गाठी

सर्जेरावांनी तोंडाचा रुमाल सोडला आणि मी खुर्चीतून उठलेच. कपाळ, नाक, दोन्ही गाल. जागोजागी काळ्या खपल्या, कडेनं लालभडक, एका ठिकाणी पाणी सुटलेलं. मी बीडमध्ये त्वचारोगाची डॉक्टर आहे, भाजलेली तोंडं पुष्कळ बघते. पण हे कुणीतरी शांत डोक्यानं, एकेक टिपका देत भाजलेलं होतं.

"कुणी केलं हे?"

"मीच. खायचा चुना आन् धुण्याचा सोडा. काडीनं लावला."

"कावून?" 'का' म्हणायच्या ऐवजी माझी घरचीच भाषा बाहेर पडली.

"तुमच्याकडं यायचं व्हतं ना. म्हनलं डॉक्टरला साफ तोंड दाखवावं."

मी कपाळावर हात मारून घेतला. चामखीळ, तीळ घालवायला आमच्याकडे चुना-सोडा सर्रास लावतात. तो कातडी जाळतो आणि डाग जन्मभराचा देतो. पण तपासणीला यायच्या आधी तपासायची वस्तूच जाळून टाकणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

बाकीचं बरोबर आलेल्या त्यांच्या लेकीनं, रुपालीनं सांगितलं. (सगळ्यांची नावं बदलली आहेत.) सर्जेरावांचं वडवणीला भुसार मालाचं दुकान. रुपाली ही थोरली. तिची सोयरीक मांजरसुंब्याच्या ढाबेवाल्या भानुदासरावांच्या मुलाशी जमली होती, सुपारी फुटली होती. त्या बैठकीत पाहुण्यांकडच्या बायकांनी सर्जेरावांच्या तोंडावरच्या पिवळट गाठी बघितल्या आणि कुजबूज सुरू झाली. रक्तपिती असंल. रक्तपिती म्हणजे कुष्ठरोग. दुसऱ्या दिवशी भानुदासराव स्वतः आले आणि म्हणाले, डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग तारीख काढू.

"आमच्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनले, आमाला इचार करावा लागंल," रुपाली म्हणाली. "त्या दिसापासून अण्णा जेवले न्हाईत धड."

"लेकीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळतं का, मॅडम?" सर्जेराव म्हणाले. "गावात नाव झालं, बापाला रक्तपिती हाय. धाकट्या दोघीबी मागं हायेत."

एवढं ऐकल्यावर रागवायचं कुणावर? मी आधी जखमा धुतल्या. मग भिंग घेतलं आणि चुन्यातून वाचलेलं काही मिळतंय का ते बघू लागले. डाव्या कानशिलावर, चष्म्याच्या काडीखाली, दोन गाठी शिल्लक होत्या. ती आडवी आली म्हणून चुना तिथं पोचला नव्हता.

छोट्या, पिवळसर, मऊ, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक बारीक खळगा. भिंगातून कडेकडेनं आत येणाऱ्या, पण मध्यापर्यंत न पोचणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. निदान तिथंच झालं. आपल्या कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. त्या तेलानं चेहरा मऊ राहतो. वय वाढलं की काहींच्या ग्रंथी फुगतात आणि वर गाठीसारख्या दिसतात. बस. ह्या गाठी पसरत नाहीत, कुणाला लागत नाहीत. उपचार नाही केला तरी काही बिघडत नाही. दिसायला नको वाटल्या तर कातडी बधिर करून विजेच्या सुईनं काढता येतात. मात्र नव्या येऊ शकतात, हे मी आधीच सांगून ठेवते. एखादीच गाठ वाढत चालली, तिच्यातून रक्त आलं किंवा ती भरून येईना, तर तुकडा तपासायला पाठवते, कारण एका प्रकारचा कॅन्सर सुरुवातीला असाच दिसतो.

कुष्ठरोगाची तपासणीही केली, कारण प्रश्न तोच होता. डोळे मिटायला लावून कापसानं शिवून बघितलं, नसा चाचपल्या, कानाच्या पाळ्या बघितल्या. सगळं स्वच्छ. मी चिठ्ठी लिहून दिली आणि जखमांचं मलम दिलं. उन्हात फिरायचं नाही, खपली नखानं काढायची नाही, घरातला चुना पानाला लावायचा.

वाटलं, मिटलं.

जखमा भरल्यावर सर्जेराव पुन्हा आले, तेव्हा बरोबर रुपाली आणि भानुदासराव होते. धिप्पाड, पांढरा सदरा, आवाज ढाब्यावरचा.

"मॅडम, चिठ्ठ्या काय, मिळत्यात," ते म्हणाले. "मला तोंडानं सांगा. ह्येंला हाय का न्हाई?"

"नाही."

"मंग त्या गाठी?"

मी कानशिलावरच्या दोन्ही गाठी त्यांना भिंगातून दाखवल्या, तेलाच्या ग्रंथी समजावल्या. त्यांनी नीट ऐकलं. माणूस हट्टी होता, पण कानात बोळे घातलेला नव्हता. "मंग आमचंच चुकलं म्हनायचं," असं ते पुटपुटले, आणि सर्जेरावांचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल पडला. मी चहा मागवला.

चहा शेजारच्या टपरीवरून आला, बिनदांडीच्या काचेच्या ग्लासांत, उकळता. मी माझा ग्लास उचलला आणि लगेच खाली ठेवला. रुपालीनं ओढणीत धरला. भानुदासरावांनी मात्र अख्खा पंजा गुंडाळून ग्लास धरला आणि निवांत गप्पा मारत बसले.

"भाजत नाही?" मी विचारलं.

"ढाब्यावरचा हात हाय मॅडम. तव्यावरची भाकर मी बोटानं उलथतो. पोरं म्हनत्यात, मालकाचा हात लोखंडाचा."

ते हसले. मी हसले नाही. त्यांच्या करंगळीवर एक जुना फोड होता आणि करंगळी किंचित आत वळलेली होती.

"भानुदासराव, जरा आतल्या खोलीत येता?"

आत मी त्यांची बाही वर केली. हातावर एक फिकट चट्टा. डोळे मिटायला सांगून कापूस फिरवला. "कळलं की सांगा." मी चट्ट्यावरून फिरवला, करंगळीवरून फिरवला. ते डोळे मिटून वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "करा की सुरू."

कोपराच्या आतल्या बाजूला हाडालगत एक नस असते. तिथं धक्का बसला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, ती. त्यांची नस दोरीसारखी जाड लागली.

अशा बातम्या मी पूर्वीही दिल्या आहेत. ह्या वेळी मात्र माझाच आवाज मला परका वाटला. मी सांगितलं की हा कुष्ठरोग आहे. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सुरू केल्या की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागायचा थांबतो, पूर्ण बरा होतो. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायचं. आणि मी बाहेर कुणाला काही सांगणार नाही.

त्यांनी बाही खाली ओढली, बटण लावलं. मग उठले.

"दुसऱ्याच्या तोंडाकडं बगून मी सोयरीक थांबवली. आता सोताचं झाकू व्हय?"

मी थांबा म्हणेपर्यंत त्यांनी दार उघडलं होतं. उभ्या उभ्याच त्यांनी सांगून टाकलं. "पाव्हणं, रक्तपिती तुमाला न्हाई. मला हाय. मॅडमनी आत्ता हुडकली."

मला वाटलं, सर्जेराव उठतील आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवतील. ह्या माणसाला त्या शब्दानं किती जाळलं होतं ते मी बघितलं होतं, मलम लावलं होतं. सर्जेरावांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. रुमाल हातात घेतला. आणि जमिनीकडे बघत म्हणाले,

"मंग आमाला इचार करावा लागंल."

चुना परवडला, असं मनात आलं.

भानुदासरावांनी मान हलवली, जणू हे बरोबरच होतं. ते चपला घालू लागले. तेवढ्यात रुपाली उठली.

"मामा, थांबा," ती होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली आणि बापाकडे वळली. "अण्णा, हाच शबुद आपल्या दारात ऐकला तवा तुमी तोंड जाळून घेतलं. ह्येंनी काय जाळायचं?"

सर्जेरावांनी रुमाल तोंडावर धरला. ते रडले. भानुदासराव एका पायात चप्पल घालून मधेच उभे होते.

लग्न झालं. मुलगा तपासणीत स्वच्छ निघाला. भानुदासरावांची औषधं चालू आहेत, करंगळी सरळ होईल की नाही ते सांगता येत नाही, उशीर झाला. तव्याला आता ते उलथणं वापरतात. सर्जेरावांच्या तेलाच्या गाठींनी त्यांना कधीच काही केलं नसतं. चुन्याचे डाग राहिले.

तेव्हा उतारवयात कपाळावर खळगा असलेली पिवळी गाठ आली तर घाबरू नका, सवडीनं दाखवा. आणि उकळता ग्लास हातात धरून भाजत नसेल, तर त्याच दिवशी या.