माझं नसलेलं चाक

सासऱ्यांचा उजवा हात लुळा पडला आणि रत्नागिरीतलं सायकलचं दुकान माझ्या अंगावर आलं. नवरा मुंबईत नोकरीला. ‘बाबांना विचारून कर,’ एवढंच तो फोनवर म्हणाला.

बाबा दाराशी खुर्ची टाकून बसायचे. मी रिंगमध्ये स्पोक भरू लागले की त्यांचं तोंड सुरू व्हायचं. चाक पुरं झालं की डाव्या हाताने स्पोक चाचपायचे आणि गिऱ्हाईक समोर असताना मला पक्कड मागायचे. मीच पक्कड द्यायची आणि मी बांधलेलं चाक ते तोडायचे.

“भाकऱ्या थाप गो. त्यात चुकलीस तरी कोणी मरत नाय.”

मग विजेवर चालणाऱ्या सायकली आल्या. त्यांची मोटर चाकाच्या मधोमध बसते, चांगली थाळीएवढी. ती रिंगच्या इतकी जवळ येते की स्पोक आखूड आणि जाड लागतात. नेहमीच्या सायकलीत एक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना ओलांडून जातो, इथे एकालाच ओलांडायचा; नाहीतर तो रिंगपाशी वाकतो आणि तिथेच तुटतो. हे मी मोडून-जोडून शिकले. बाबांना यातलं काही येत नव्हतं. गिऱ्हाईक त्यांना ओलांडून थेट माझ्याकडे येऊ लागलं, आणि खुर्चीवरचं तोंड बंद झालं. मला वाटलं, निवळले.

आरे-वारेच्या बाजूला अशाच मोटरच्या सायकलवरून मासळी विकणारा एक जण होता. त्याचं मागचं चाक मी बांधलं होतं. पावसाळाभर तो त्यावर फिरला. एकदा मी माहेरी गेले असताना तो हवा भरायला आला, तर बाबा त्याला म्हणाले, “बाईमाणसानं बांधलंय. मासळीच्या वजनानं कधी बसेल सांगता येत नाय. दुसरीकडनं बांधून घे.”

त्याने घेतलं. पुढे समुद्राकडच्या उतारावर ते चाक बसलं आणि तो टोपलीसकट कातळावर आदळला. गुडघ्याचा चुरा झाला.

त्याची बायको वाकडं झालेलं चाक घेऊन दुकानात आली आणि माझ्या पायाशी टाकून म्हणाली, “हे तुझं काम.” मी पाहिलं. स्पोक बारीक, नेहमीच्या सायकलीचे, तीन-तीन स्पोकांना ओलांडून भरलेले. जवळजवळ सगळे रिंगपाशी तुटलेले.

मी चाक बाबांच्या मांडीवर ठेवलं. “बाबा, हात लावून सांगा. हे मी बांधलंय?”

त्यांनी सावकाश चाचपलं. एकेक स्पोक.

“तुझंच,” ते म्हणाले.

ती बाई माझ्या तोंडावर थुंकली आणि गेली. मी पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “का असं?”

“त्याचा पाय गेला तो गेला. दुकानात माझा शब्द राहायला हवा.”

दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाच्या घरी गेले. तो पडवीत खाटेवर होता, बायको मागीलदारी भांडी घासत होती. मी काही बोलण्याआधीच तो हळू आवाजात म्हणाला, “ठाऊक आहे वहिनी, तुमचं नव्हे ते. चांगलं चाक मीच बदललं.”

“मग घरात सांगा ना.”

त्याने मागीलदाराकडे पाहिलं. “आता आयुष्यभर तिच्या हातचं खायचंय. चांगलं असलेलं मीच मोडलं, हे कळलं तर ती रोज ऐकवील. तुम्हाला काय, चार दिवस लोक बोलतील.”

लोक चार दिवसांवर थांबले नाहीत. दुकानात चाक बांधायला कोणी येईना. आता लांबचे, वेळणेश्वर, मंडणगडकडचे, ज्यांच्या कानावर काही गेलेलं नाही असेच येतात. बाबा खुर्चीत बसून असतात. आलेल्याला पाणी विचारतात, माझ्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काढायची गरज उरलेली नाही.

दोन्ही वेळचं त्यांना मीच वाढते. पूर्वी मी माशाचे काटे काढून द्यायची. आता ताट ठेवते आणि समोर बसते. डाव्या हाताने ते चिवडत राहतात, काटा लागला की तोंड वाकडं करून थांबतात, माझ्याकडे बघतात. मी जेवत असते.