सरांनी नेलेला दाखला

काल सुरतेत मुलीच्या कॉलेजप्रवेशाला गेले. खिडकीतल्या बाईंनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला पाहिला आणि लगेच परत दिला. "ओरिजिनल तुमच्याकडंच ठेवा, झेरॉक्स पुरे." मी त्यांना दोनदा हात जोडले. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालताना मात्र भीमाशंकरच्या वाटेवरचं आमचं घर आठवलं.

मी दहावी पास झाले होते. मावशीकडं राहून घोडेगावात अकरावी करायचं ठरलं होतं. तेवढ्यात नव्यानं निघालेल्या दुसऱ्या एका कॉलेजचे सर भर पावसात दारात आले. आईनं त्यांना चुलीपुढं बसवलं. ओल्या कपड्यांचा, धुराचा वास घरभर झाला.

"सर, पोरीला लई शिकायचंय. पण हितून रोजची येष्टी न्हाई."

"आमचं वसतिगृह आहे ना, ताई! पोरगी आता आमची."

मी पाया पडून दाखला त्यांच्या हातात दिला. सरांनी डोक्याला बांधलेली प्लास्टिकची पिशवी सोडली, दाखला तिच्यात गुंडाळला आणि स्वतः भिजत गेले. आई म्हणाली, "बघ, किती माया!"

पंधरा दिवसांनी मी ट्रंक घेऊन तिथं गेले, तर वसतिगृहाच्या खोलीत सिमेंटची पोती होती. मी रडत सरांकडं दाखला परत मागितला.

"तुकडीची संख्या दाखवायचीय गं. तपासणी होऊ दे, मग ने."

तपासणी झाली तोवर घोडेगावचे प्रवेश संपले होते, आणि माझं शिक्षणही. दाखला त्याच पिशवीतून परत मिळाला. त्यावर पाण्याचा एक डागसुद्धा नव्हता. सरांनी तो खरंच फार जपला होता.