नऊ व्होल्ट आणि तिसरं कडवं

माझे बाबा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीच्या कार्यक्रमाची गाणी ते स्वतः रचायचे आणि चालही स्वतःच लावायचे. मी सातवीत असताना एका पाव्हण्यानं टेपरेकॉर्डर आणला आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं एक गाणं कॅसेटवर उतरलं. गडीमाणसं पुढं, बाया आतल्या दाराशी. मीही तिथंच होतो, पण मला आठवतो तो फक्त टेपवरचा लाल दिवा.

त्या गाण्यावरून घरात पुढं कितीतरी वर्षं वाद चालला. माय म्हणायची, तिसऱ्या कडव्याआधी बाबा अडकले होते आणि तिनं दाराआडून ओळ सांगितली.

"माहं गाणं, अन् मलाच सांगती व्हय?" बाबा म्हणायचे. "तू तर चुलीपशी व्हतीस."

"चुलीपशी व्हते म्हणून काय कान पण चुलीत घातल्ते?"

पाव्हणे हसायचे. तीही हसायची, पण शेवटी हळूच म्हणायची, "कॅसेटीत असंल की ते." मायला अक्षरओळख नव्हती. बाबांची सगळी गाणी तिला पाठ होती, पण त्याबद्दल तिला कुणी कधी विचारलं नाही. एवढी एक गोष्ट खरी मानावी, इतकंच तिचं मागणं होतं. घरच्या जुन्या टेपवर त्या जागी नुसतीच खरखर ऐकू यायची.

दोघांनी मला शिकवलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी, तोही भौतिकशास्त्राचा. पुढं भोकरदनला शिक्षक झालो. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास ती कॅसेट मी जालन्याच्या एका दुकानातून सीडीवर करून घेतली आणि लॅपटॉपवर चढवली. माझ्या जुन्या लॅपटॉपचं हेडफोनचं भोक बिघडलेलं होतं, म्हणून औरंगाबादहून एक स्वस्त डबी आणली. लॅपटॉपमधले आकडे घेऊन त्यांचा आवाज करून देणारी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. भिंतीतल्या ॲडॉप्टरवर चालायची.

सुट्टीत गावी जाऊन ती जोडली, हेडफोन लावला, आणि गाण्याखाली सारखी गुरगुर. बाबा गात असताना ती लपायची. पण दोन कडव्यांच्या मधे, नेमकं मला जिथं ऐकायचं होतं तिथं, गुरगुरीशिवाय काहीच नव्हतं.

"व्होल्टेज कमी पडून राह्यलं," बाबा म्हणाले. "स्टॅबिलायझर लाव."

आमच्याकडे मोटर जळो की टीव्ही बंद पडो, दोष व्होल्टेजचाच. मीही पदवी विसरून टीव्हीचा स्टॅबिलायझर जोडला. गुरगुर तशीच राहिली. मंग डोकं चालवलं. दुकानात सीडीची नुसती सुरुवात ऐकून बघितली होती, तेव्हा गुरगुर नव्हती. म्हणजे दोष गाण्यात नव्हता, डबीला मिळणाऱ्या विजेत होता. स्वस्त ॲडॉप्टर वीज सरळ करतो म्हणतो, पण तिच्यात थरथर राहून जाते, आणि डबी ती थरथरही आवाजात मिसळून कानात ओतते. कॉलेजात सरांनी फळ्यावर काढलेली ती नागमोडी रेघ मला इतक्या वर्षांनी कानानं कळली.

बॅटरीच्या विजेत ही थरथर नसते. मी मोटरसायकलची बॅटरी काढून घरात आणली. ती बारा व्होल्टची आणि डबी नऊची, म्हणून मधे तीन पायांचा एक रेग्युलेटर आणि दोन कॅपॅसिटर डकवले. दुपारचं भारनियमन सुरू होतं. पंखा बंद, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर.

"गाडीची बॅटरी गाण्याला?" माय म्हणाली. "मंग पेट्रोल कुठं टाकतू?"

मी हेडफोन लावला. टेपची बारीक सळसळ होती, पण गुरगुर पार गेली होती, आणि तिच्या जागी आमची ती खोली ऐकू येत होती. पत्र्यावर काहीतरी टिचकलं. कुणीतरी पेटीचा भाता सोडला. दुसरं कडवं संपलं. बाबांनी श्वास घेतला, आणि गाणं पुढं सरकेना. त्या थांबलेल्या क्षणात लांबून एक कोवळा, बारीक आवाज आला. ती माय होती, माझ्या आजच्या वयाहून कितीतरी लहान.

मी हेडफोन बाबांना दिला आणि ती जागा पुन्हा लावली. ते ऐकत होते. "परत लाव," म्हणाले. मी लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटानं ताल धरला.

"सुरात हाय की हे," ते म्हणाले. "माह्या पट्टीत. बिलकुल बराबर."

खरंच, ती ओळ बोललेली नव्हती, गायलेली होती. बाबांच्या आवाजात विरघळेल इतक्या हळू.

"मंग काय बोलून सांगू?" माय तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "समद्यांला कळलं असतं ना, तुमी इसरले म्हणून. पार तुमाला सुदिक तवा कळू दिलं न्हाई."

  मंग बाबा उठले, तिच्या हातातलं सूप बाजूला सारलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर पदरावरूनच बसवला.

"मला कशाला? मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

"ऐक तर," बाबा म्हणाले. "लई गोड म्हणलीस."

मी गाणं सुरुवातीपासून लावलं. बाबा तिच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते फक्त तिच्या तोंडाकडे बघत होते, ती जागा कधी येते म्हणून.