शतावरीची बाटली

लेकीचा कॅनडाहून फोन आला की हल्ली तिचा सूर मास्तरणीचा लागतो. "आई, गोळ्या मूळ पाकिटातच ठेव. कापलेल्या पट्ट्या नकोत, नाव वाचता आलं पाहिजे. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घे, आणि पासपोर्टवर आहे तसंच तुझं नाव त्यावर हवं. सगळं हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या बॅगेत टाकू नकोस." मी आपली हो हो करत होते. पहिलटकरीण पोर, दिवस भरत आलेले, आई बाळंतपणाला येणार म्हणून खुशीत होती. तिच्या त्या सूचनांनी माझी किती पंचाईत झाली ते तिला काय ठाऊक!

कारण माझ्या गोळ्या दोन तऱ्हेच्या. बीपीची गोळी चारचौघांत घेता येते. जळगावात आमच्या गल्लीत बीपी नसलेली बाई म्हणजे नवलच. दुसऱ्या गोळ्या मनाच्या. त्या पोटात असल्या की मी माणसात असते. बंद केल्या की थोड्याच दिवसांत झोप उडते, चहाचं आधण आटून पातेलं करपतं आणि मी ओट्याशी नुसती उभी असते. म्हणजे गोळ्या नेल्या नाहीत तर ओल्या बाळंतिणीलाच माझं करावं लागणार, आणि नेल्या तर जावई, विहीणबाई, सगळ्यांना कळणार की हिच्या आईच्या डोक्यात बिघाड आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

हे फक्त आमच्या ह्यांना माहीत. डॉक्टरसुद्धा मी धुळ्याचे धरलेत. जळगावात का डॉक्टर नाहीत? आहेत की, पण तिथल्या बाकावर नणंदेची जाऊ नाहीतर भाचेसुनेची आई बसलेली असायची. म्हणून सकाळची एसटी धरायची आणि गल्लीत सांगायचं, मावसबहिणीकडे जाते. एकदा त्या दवाखान्यात माझ्या माहेरच्या गावची बाई समोर आली. केळीच्या बागायतदाराची बायको, अंगावर ठसठशीत सोनं.

"तू इथं कशी गं?"

"मी ना, एकीच्या सोबत आलेय. आणि तू?"

"मीपण सोबतच आले."

दोघी सोबतीला आलेल्या, आणि पेशंट कुणाचाच पत्ता नाही! मग आम्ही केळीवरच्या करप्याबद्दल बोलत बसलो. आतून माझं नाव पुकारलं तर मी पंख्याकडे बघत राहिले. नंबर गेला, तरी तिच्यादेखत उठायची हिंमत झाली नाही.

तर लेकीनं सांगितलं म्हणून मी डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घेतली. कागद हातात आला आणि बघते तर काय! वर ठळक अक्षरांत सायकिॲट्रिस्ट. गल्लीतलं शाळकरी पोरसुद्धा वाचेल. ती चिठ्ठी मी कपाटात साड्यांखाली सारली. लेकीला दूध यावं म्हणून शतावरीच्या गोळ्या आणल्या होत्या, त्यातली एक बाटली रिकामी केली. मग माझी एकेक गोळी पट्टीतून फोडून तिच्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली हातातल्या बॅगेच्या खणात टाकली. शतावरीला कोण विचारतंय! मला तर स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

पण आमच्याकडे परदेशी जाणाऱ्याची बॅग त्यानं एकट्यानं भरायची नसते. भावकीतल्या बायका येतात, प्रत्येक जणी काहीतरी घेऊन येते, आणि बॅग सगळ्यांच्या हातची भरली तरच ती भरली म्हणायची. ज्वारीच्या पापडांसारख्या बिबड्या आल्या, केळीचे वेफर्स आले, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, डिंक, गोडंबी, बाळंतशोपा आल्या. दिवाणखान्यात चादर अंथरून त्यावर सगळा बाजार मांडला. या कामाची मुकादम म्हणजे माझी मोठी जाऊ. आम्ही तिला अक्का म्हणतो. साक्रीकडची आहे, इतकी वर्षं जळगावात काढली तरी अहिराणी सोडली नाही. मनानं सोनं आहे, पण हात स्वस्थ बसत नाहीत. मी पिठाच्या पिशव्यांची तोंडं बांधायला स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात तिनं माझी हातातली बॅगसुद्धा उलटी केली, जागा वाया जातेय म्हणून.

बाहेर आले तर लेक व्हिडिओ कॉलवर. एकीनं फोन धरलेला आणि अक्का तिला एकेक वस्तू दाखवतेय. बाळंतिणीच्या सामानाच्या पिशवीत शतावरीची एक बाटली होतीच. दुसरी अक्काच्या हातात.

"हाई शतावरी शे, पोरी. आई वनी का लगेच सुरू करजो. सकाय-संध्याकाय दोन-दोन." मी तिकडे पोचले की लगेच, असं तिचं सांगणं.

"अक्का, ती ठेव!" मी ओरडलेच. धावत जाऊन बाटली तिच्या हातातून ओढली. झाकण निसटलं आणि गोळ्या चादरभर झाल्या, बिबड्यांवर, डिंकाच्या पुडीवर.

"माय व! आसं काय करस?" अक्का म्हणाली. "हाई तं पोरले शे ना?"

"नाही. माझी आहे. गुडघ्यांची आहे."

"गुडघाले शतावरी?" कुणीतरी फिसकन हसलं. अक्कानं एक गोळी उचलून उजेडात धरली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं आता ही ओळखणारच. फोनमधून लेक विचारत होती, "आई, काय झालं? त्या पांढऱ्या गोळ्या कसल्या?" मी फोनवर पदर टाकला. खरंच टाकला, देवाशपथ. आणि गुडघ्यावर बसून गोळ्या वेचायला लागले. हे कोपऱ्यात पेपर घेऊन बसले होते. उठले, माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि तेही वेचू लागले. गडी माणूस बायकांत बसून गोळ्या वेचतोय म्हटल्यावर बायकांना जे कळायचं ते कळलं. एकेक जणी चपला घालून निघाली. अक्का तेवढी थांबली. चहा केला, माझ्या हातात कप दिला आणि काही विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अक्का गेल्यावर हे म्हणाले, "सांगून टाक आता पोरीला."

"तुमचं काय जातंय सांगायला? वेडी मी ठरणार ना!"

"अक्कानं ती बाटली बाळंतिणीच्या पिशवीत टाकली असती म्हणजे?"

पोटुशी पोर, आईच्या हातची म्हणून तिनं डोळे मिटून दोन-दोन घेतल्या असत्या. कुणाच्या भीतीनं मी हे करायला निघाले होते? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल.

दिवेलागणीला मीच फोन लावला. लेकीनं नुसता आवाजाचाच कॉल घेतला, ते बरंच झालं. मी एका दमात सगळं सांगितलं. गोळ्या कसल्या, धुळ्याला कशाला जाते, मावसबहीण कुठली आणि काय.

ती म्हणाली, "कधीपासून?"

याचंच उत्तर मला द्यायचं नव्हतं. "गोळ्या नंतर लागल्या. पण सुरू झालं ते तुझ्या वेळेपासून. तू झालीस आणि मला तुला जवळ घ्यावंसंच वाटेना. तू रडायचीस आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. तुझी आजी तुला वाटी-चमच्यानं दूध पाजायची. लोक म्हणाले, बाळंतिणीला बाहेरचं लागलं. मग तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही."

आता ती रडेल, चिडेल, फोन ठेवेल, मी सगळ्याची तयारी केली होती. ती हळू बोलायला लागली.

"आई, इथं दर तपासणीला नर्स विचारते, घरात कुणाला असं काही होतं का? आईला, मावशीला, बाळंतपणात? मी दर वेळी ठणकावून नाही म्हणते. वर सांगते, माझी आई फार खंबीर आहे."

"चुकलं गं माझं."

"तसं नाही. ऐक ना. मला झोप येत नाही. बाळ हलतं तर काहीच वाटत नाही. मी कुणालाच बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. मला वाटलं, आपल्या घरात असं कुणी नसतंच. मीच एकटी अशी निघाले."

रोज मी तिच्याशी बोलत होते. रोज व्हिडिओवर तिचा चेहरा बघत होते, जेवलीस का विचारत होते, आणि मला कळलं नव्हतं. इतकं छान लपवायला पोर माझ्याकडूनच शिकली होती.