लवूबुवांची जांभई

वाकोल्याच्या लवूबुवा परबांना दोन गोष्टी जन्मजात जमायच्या: पेटी वाजवणं आणि दुसऱ्याची जांभई उचलणं. औषधाच्या कंपनीत तीस वर्षं पॅकिंगला होते, तिथे शेजारच्याने तोंड उघडलं की यांचंही उघडलंच. लोक हसायचे, हेही हसायचे. पण गेल्या साली डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, समोरच्या एका काकूंनी जांभई दिली. ती बुवांनी ऐन अभंगात उचलली, त्यांच्याकडून अख्ख्या कोरसने उचलली आणि वाट लागली. भजनी मंडळाने साफ सांगितलं, यंदा असं झालं तर पेटी मंडळातल्याच तरुण सिद्धेशकडे. चाळीस वर्षांची पेटी सुटणार म्हणून बुवांना जेवण गोड लागेना.

सून दिशा नर्स. ती म्हणाली, "बाबा, यात लाजायचं काय? जांभई बघून लागते, ऐकून लागते, नुसता विषय काढला तरी लागते. का लागते ते शास्त्रज्ञांनाही नक्की ठाऊक नाही. काही म्हणतात, डोकं थंड करायची ती शरीराची युक्ती. प्रयोगात कपाळावर गार पट्टी ठेवली, किंवा नाकाने श्वास घ्यायला लावला, तेव्हा लोकांना जांभया कमी लागल्या."

"मगे मी काय नाकान गावू?"

"गाण्याचं तुम्ही बघा, कपाळाचं माझ्याकडे."

सामना मालाडला, रविवारी भरदुपारी, सगळे वडे-सागोती हाणून आलेले. दिशाने बर्फाच्या पाण्यातला रुमाल बुवांच्या टोपीखाली घातला. समोर मुलुंडचे धोंडूबुवा, एक नंबरचा डांबिस माणूस. बुवांनी अभंग धरला तशी त्याने मुद्दाम भलीमोठी खोटी जांभई दिली, हात ताणून. मग दुसरी, मग तिसरी. बुवांचा जबडा हलला. गार पाणी भुवयांवर उतरलं, त्यांनी ओळ संपताच नाकाने श्वास ओढला आणि पुढची ओळ अशी काही उचलली की मंडप डोलायला लागला.

जांभईला मात्र खरं-खोटं कळत नाही. धोंडूची जांभई त्याच्याच माणसांना लागली. त्याची बारी आली, त्याने ओळ टाकली, आणि मागे आठ तोंडं सताड उघडी, आवाज एकाचाही नाही. लोक शिट्ट्या मारायला लागले. शेवटी धोंडूलाही आली, या वेळी खरीच.

ढाल वाकोल्याला गेली. सिद्धेशने स्वतः पेटी उचलून बुवांपुढे ठेवली. "बुवा, पुढच्या सालची सुपारी आली आहे. तारीख तुम्हीच द्या."

बुवांनी डोळे पुसले.

"दुपारचीच घे," ते म्हणाले, "लोक जेवन इल्यावरची."